तक्रारवही, खाखरपुरा

प्रतापनगरच्या ऑफिसातून मला पाठवलं
खाखरपुऱ्याची यादी करायला.
नग, संख्या, शेरा.
शेऱ्यात दोनच शब्द चालतात: ठेवावे, किंवा मोडीत.

बस मैलभर अलीकडे सोडते.
पुढे कपाशीतून पायी.
स्टेशन म्हणजे एक खोली, पुढे पत्रा, मागे कडुनिंब,
आणि पाटीवरचा ‘पु’ गळून गेलेला.
किल्ली जेसंग वसावाकडे. पूर्वी सांधेवाला,
आता वेटिंगरूममध्ये त्याच्या शेळ्या.

छोटी गाडी. रुळांत अडीच फुटांचं अंतर.
म्हणतात, सुरुवातीला डबे बैल ओढायचे.
पुढे इंजिन आलं, चाल बैलांचीच राहिली.
चढावर माणसं उतरत, खाखऱ्याची पानं तोडत
पत्रावळीपुरती,
आणि शेवटच्या डब्यात परत चढत.
गार्ड त्यांची पानं धरायचा.

वजनकाटा, एक. रुईच्या गासड्यांचा.
वर काही नसताना साडेतीन किलो दाखवतो.
जेसंग म्हणतो, धूळ.
मोडीत.
कंदील, दोन. तिकिटांचं कपाट, उंदरांसकट.
मोडीत, मोडीत.

तक्रारवही, एक.
चाळीस वर्षांत एकच तक्रार.

१९ जानेवारी १९५४. रेवाबेन, अंगठा.
‘गाडी रोज पाऊण तास उशिरा येते.
त्या हिशेबाने मी घरून निघाले.
आज ती वेळेवर आली.
मुलगा गिरणीत कामाला गेला, पहिल्यांदाच,
आणि त्याची शिदोरी माझ्या हातात राहिली.’

खाली उत्तर:
‘चूक कबूल. पुन्हा होणार नाही.
मार्तंड दिघे, स्टेशन मास्तर.’

दोन्ही अक्षर एकाच हाताचं.
तिला लिहिता येत नव्हतं,
म्हणून त्यानेच लिहून दिली स्वतःविरुद्धची तक्रार,
गुजरातीत,
पण प्रत्येक शब्दावर सवयीने ओढलेली
आपली शिरोरेघ.
त्या लिपीला ती लागत नाही.
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
सरळ, न तुटता, गेलेली.

बाहेर रूळ नाहीत. कधीच उचलून नेले.
दोन ओळींत गवत जरा कमी उगवतं, तेवढंच.

‘मग? पुन्हा झालं का तसं?’
जेसंग हसतो. साहेब शब्दाचा पक्का होता, म्हणतो.
सिग्नल हातात होता ना.
त्यानंतर गाडी एकदाही वेळेवर आली नाही.

‘आणि बंद कधी झाली?’

‘बंद क्यां थई, बेन?
मोडी छे.’

मोडी. त्याच्या भाषेत, उशिरा.

चारची बस गेली असणार.
एक शेळी येऊन माझ्या यादीचा कोपरा चावते.
मी कागद सोडवते, वहीसमोरच्या शेऱ्यात
मोडी लिहिते,
आणि त लिहायच्या आधी
पेन उचलते.