साखर

आमच्या घरात एक गोष्ट होती,
ख्रिसमसच्या जेवणानंतर कॉफीबरोबर निघायची:
बाबांनी जर्मनांच्या सिमेंटात साखर टाकली.

त्रेचाळीसचा हिवाळा. जटलंडचा पश्चिम किनारा.
होड्या बंद, सुरुंग पेरलेलं पाणी,
आणि ठेकेदार लाकडी खोक्यावर बसून
गावातल्या पुरुषांची नावं लिहून घेत होता.
आयनारचं नाव सातवं.
मजुरी रोख. दर शुक्रवारी.

रेशनची साखर, आईनं पुडीत बांधलेली,
डब्याच्या तळाशी, पावाखाली.
साखर पडली की काँक्रीट धरत नाही म्हणे,
आतून भुसभुशीत राहतं.
हे थोरले काका सांगायचे. बाबा नाही.
बाबा उठून खिडकीशी जायचे, वारा बघायला.
त्याच हिवाळ्यात आईला शिलाई मशीन आलं.
गोष्टीत मशीन नसायचं.

मी त्या बंकरवर वाढले.
त्याच्या पाठीवर टॉवेल पसरून ऊन खाल्लं.
त्याच्या पोटात, मुताच्या वासात,
टॉर्किलनं मला पहिल्यांदा जवळ घेतलं;
बंदुकीच्या फटीतून समुद्र दिसत होता
रुंद आणि बुटका,
टपालपेटीच्या तोंडातून पाहावा तसा.

त्या समुद्रातून कुणीच आलं नाही.
आला तो समुद्रच, वर्षाला हात-दोन हात,
वाळूची टेकडी खात.
बंकर आधी कडेवरून डोकावला, मग कलला,
मग एका जानेवारीत, रात्रीतून, खाली उतरला
आणि जास्त झालेल्या पाहुण्यासारखा आडवा झाला.
फुटला मात्र नाही.

हेच मला टोचायचं.
इतक्या वर्षांच्या लाटा, गोठणं, वितळणं,
शाळकरी पोरांचे रंगाचे डबे,
आणि कोपरा न् कोपरा शाबूत.
साच्याच्या फळ्यांचे ठसे भिंतीवर अजून दिसत,
लाकडाच्या गाठीसुद्धा.
आमच्या घराची पायरी बाबांनीच केली होती.
ती दर थंडीत तडकायची.

आता नगरपालिकेनं ठरवलं: सळया बाहेर आल्यात,
पोहणाऱ्यांचे पाय चिरतात.
मंगळवारी यंत्र आलं, पिवळं, लांब चोचीचं.
तीन दिवस नुसतं ठोकत होतं.
चालवणारा पोरगा, माल्टे, घामाघूम,
म्हणाला, असलं कडक मी कधी फोडलं नाही बाई,
कुणी बांधलं असेल हो?
मी म्हटलं, गावातल्यांनीच.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत,
मी दोरीखालून आत गेले. गुडघे कुरकुरले.
पायाकडच्या ढिगात
एक तुकडा बोटांनी चुरता आला.
मुठीएवढा. एवढाच.
लाटांनी झिजला असेल. वाळू जास्त पडली असेल.
किंवा एका दुपारी सातव्या नावाच्या माणसानं
इकडेतिकडे पाहून डबा उघडला असेल,
आणि तळाशी होतं तेवढं...
तेवढंच होतं आमच्याकडे.

मी चिमूटभर जिभेवर ठेवलं.
खारट.
अर्थात खारट.

काय सापडलं? माल्टे लांबून ओरडला.
मी तोंड पुसलं,
उरलेलं रुमालात बांधलं, पुडी बांधतात तसं,
आणि जवळ खिडकी नव्हती म्हणून
तिथंच उभी राहून वारा बघितला.