पाव सूत

कोल्हापुरात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
मी केलेला पडदा लावून बसले होते.
बाविसावी आवृत्ती.
कोपऱ्यात एक दातेरी चक्र, त्याच्या पोटात सगळं:
अक्षर मोठं, अक्षर लहान, काळ्यावर पांढरं,
मोडी की बाळबोध, वाचून दाखवा, गप्प बसा.
चार महिन्यांत ते सहा वेळा दाबलं गेलं.
त्यातल्या पाच वेळा मीच.

उद्यमनगरातून गौसलाल शिकलगार आले.
चाळीस वर्षं लेथवर. उजव्या तर्जनीचं पुढचं पेर
एकोणऐंशी साली मशीननं ठेवून घेतलेलं.
मधल्या बोटानं दाबत राहिले.
घट्टे पडलेल्या कातडीला काच ओळख देईना.
"हिला बी हजेरीचं कार्ड लागतंय काय?"

ते सांगत होते, मी लिहिलं:
इंजान.
एकही नोंद सापडली नाही.
पुस्तिका माझ्या पाठीमागच्या कपाटात होती,
स्कॅन केलेली, नीट नाव दिलेली,
तैलयंत्र : रचना व निगा.
नाव मीच भरलं होतं.

मग त्यांना ते चक्र दिसलं.
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
"आठ दात. हे कशात बसतंय?"
कशातच नाही, म्हटलं. चित्र आहे.
"मग फिरणार कसं?
एकटं चाक म्हंजे नुसतं लोखंड, बाई.
आणि बसवलं तरी दातात दात ठासायचा नाही.
खेळ ठेवायचा. पाव सूत.
तापल्यावर धातूनं जायचं कुठं?"

त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर
मी चक्र काढून टाकलं.
मोठ्या अक्षराचं बटण पानावरच आणून ठेवलं,
बोट थरथरलं तर दाब दोनदा मोजू नये
एवढी जागा सोडली,
आणि शब्दांच्या खणात तैलयंत्राशेजारी
इंजन, इंजान, विंजान.
शुद्धलेखन बघायला कोणी जागं नव्हतं.

सोमवारी ते परत आले.
सतराव्या पानावर यंत्राचा उभा छेद.
कुणी न सांगता दोन बोटं फाकवली,
गव्हर्नरच्या स्प्रिंगपाशी थांबले. बराच वेळ.
"हे चुकीचं काढलंय," म्हणाले,
आणि लई खूश झाले.

मग सवयीनं अंगठा जिभेला लावला
आणि पान उलटलं.

काच ओली झाली. पान तिथंच.

वहीत टिपून ठेवलंय:
थुंकी. अजून व्हायचं आहे.