क्रमांक एक्केचाळीस

तार्तूला, विद्यापीठाच्या तळघरात
माझं काम साधं आहे:
कपाटातून कागद काढायचा,
शेजारी मोजपट्टी ठेवायची, रंगांची पट्टी ठेवायची,
फोटो. पुढचा कागद.
पाठ बरी असली तर दिवसाला दोनशे होतात.

आज हेझल. आमच्याकडे सारापू म्हणतात.
रानातलं, कुणी न लावलेलं,
शेताच्या बांधाबाहेर, ओढ्याकाठी
आपसूक माजलेलं.
एक फांदी दुसरीसारखीच,
हात चालत असतो आणि मन कुठंतरी दुसरीकडे.

मग एक्केचाळीस.
‘साल्मे तीदुस. कूसेमे गाव, गिरणीच्या मागे.
२४ मार्च १९४९. बर्फ गुडघाभर.
तुरे घट्ट मिटलेले.
फळांसाठी ऑगस्टमध्ये परत येणे.’

पण तुरे तर उमललेत.
मी लेबल बघते, फांदी बघते,
पुन्हा लेबल.

व्हिर्वेबाई निवृत्त झाल्या तरी मंगळवारी येतात,
कॉफी प्यायला म्हणून, आणि कपाटं हुंगायला.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
अगं, रात्री दाबपाटी शेगडीजवळ ठेवली असेल तिनं.
ऊब लागली की सारापूला वाटतं, आला वसंत.
त्याला काय कळतंय.
पंचवीसला पहाटे गाड्या आल्या.

कुणाच्या गाड्या, हे इथं कुणी विचारत नाही.

म्हणजे रिकाम्या घरात,
वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये
तुरे सैल झाले, पराग सांडला.
पिवळा डाग अजून आहे, करंगळीएवढा.
आणि चार सेंटिमीटरवर, कळीच्या टोकाला
मादीफूल, लाल,
शिवणीतून सुटलेल्या दोऱ्यासारखं.
मध्ये नुसता कागद. वारा नाही.

नोंदवहीत: ‘आणून देणारी: शेजारीण.
गाय हंबरत होती म्हणून घरात शिरले, म्हणाली.’
तिचं नाव लिहिलेलं नाही.

त्याखाली एक ओळ कोरी सोडलेली, ४१-अ,
मग बेचाळीस, वेगळ्या अक्षरात.
तपासनीस येऊन गेले, कागदाची टंचाई होती,
पानाच्या समासातही नोंदी दाटीनं भरल्यात,
पण त्या ओळीवर कुणी लिहिलं नाही.
व्हिर्वेबाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं.
उत्तर मिळालं, शाई वाळायचीय.

ती वाळली १९ ऑगस्ट १९५७ ला.
अक्षर मोठं, वेडंवाकडं,
हातमोजे घालून लिहिल्यासारखं.
‘सा. तीदुस. कूसेमे, तीच जागा.
गिरणी नाही. झुडूप आहे.’
सात पानं, रुंद, खरबरीत,
एकाची कड अळीनं खाल्लेली.
कोपऱ्यात घडीची पुडी,
पुडीत झालरीतलं एकच फळ,
त्याला सुईनं पाडावं तसं भोक.
हलवून पाहिलं. आत काही नाही.

पुडीवर पेन्सिलीनं:
‘किडकं आहे. दुसरं मिळालं नाही,
बाकीची पोरांनी आधीच नेली.
बरं झालं.’

दोन्ही कागदांचे फोटो काढले.
पडद्यावर लाल चौकट आली:
एकाच क्रमांकात आठ वर्षांचं अंतर,
तारीख दुरुस्त करायची?

व्हिर्वेबाईंची कॉफी निवली होती, तशीच प्याल्या.
मी ‘नाही’ दाबलं.
आज एकशे त्र्याहत्तरच झाले.