तयार केलेला धडा

मे महिन्यातला दुसरा रविवार.
उपासना सुटली तेव्हा चर्चच्या पायऱ्या
तव्यासारख्या तापलेल्या.
शब्बाथशाळेची नऊ मुलं, लाडलेसाबची टमटम,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि माझ्या पर्समध्ये घडी घातलेला धडा:
आकाशातल्या पाखरांकडे पाहा.
रात्री जागून लिहिलेला.
तीन मुद्दे, शेवटी प्रार्थना.

नान्नजच्या माळावर माळढोक दाखवणार होते मी.
लहान पोराएवढा उंच पक्षी,
त्याला पाहिलं की देव केवढा
ते आपोआप कळेल, असं काहीतरी.

माळ रिकामा.
वाळलेलं कुसळी गवत, त्यावर हलणारं ऊन,
लांब एक काळवीट, तोही पाठमोरा.
रखवालदार इरण्णा म्हणाला,
"सात वर्षं झाली बाई मला हितं.
सहा येळा दिसला.
पण रोज येतो की मी."
हे लिहून घ्यावं म्हटलं,
तर पेन घामानं निसटलं.

"नाहीच आहे तो," शमुवेल म्हणाला.
"टीचर, तुम्ही खोटं सांगितलं."
उत्तर सुचेना म्हणून
मी नुसतीच चार पावलं पुढे गेले,

तर पायाशी किंकाळी.
टिटवी!
लाडलेसाब टमटमीतूनच ओरडला,
"मागं फिरा बाई, अपशकुनी पाखरू हाय!"
आमच्या गल्लीतसुद्धा ती रात्री ओरडली
की माणसं खिडक्या लावून घेतात.

ती आमच्या पुढ्यातच पडली.
एक पंख मोडल्यागत पसरलेला,
तो मातीतून ओढत निघाली,
लंगडत, कोलमडत,
कुणीही हात घालून सहज धरावी अशी.
"लागलंय तिला," म्हणत एस्तेर रडायला लागली.
मुलं मागे धावली.
पार बाभळीपर्यंत नेलं तिनं सगळ्यांना,
आणि उडाली.
दोन्ही पंख धडधाकट.

इरण्णा हसत होता.
माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर
त्यानं काठी टेकवली.
खड्यांमध्ये चार खडे.
खडे कसले, अंडी.
ना घरटं ना काडी,
उघड्या मातीवर, उघड्या उन्हात.
अजून एक पाऊल पडलं असतं,
आणि ते माझंच असतं.

"म्हणजे नाटक केलं तिनं?" शमुवेल धापा टाकत आला.
"म्हणजे तीपण खोटं बोलली?"
एस्तेरनं फ्रॉकला डोळे पुसले.
"मला धरा म्हणत होती.
त्यांना नको."

मग आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत जेवलो.
भाकरी मोडताना कडकड आवाज होतो
तेवढाच.
धड्याचा कागद मी पसरला
आणि त्यावर चुरा गोळा केला, मुंग्यांसाठी.

सोमवारी अक्कलकोट रोडला, कारखान्यात,
टॉवेलांच्या कडा तपासताना
मला एकदम ते आठवलं, आणि हात थांबला.
टिटवी बाभळीपाशी पोचून उडाली.
तो उडाला नाही.
काट्यांपाशी पोचला
आणि त्यानं स्वतःला धरू दिलं.
आणि त्याच्यामागे धावणारे,
ज्यांच्यापासून काहीतरी वाचवायचं होतं ते,
आम्हीच.
वाचवायचं होतं तेही आम्हीच.
सुपरवायझर म्हणाला, "रणभिसेबाई, झोपला काय?"

हे मी मुलांना अजून सांगितलेलं नाही.
सांगेन.
किंवा एस्तेरनं सांगितलंच आहे,
मी फक्त मुद्दे पाडीन, आणि ते बरं नाही.

परतीची एक गोष्ट राहिली.
हिप्परग्याच्या तलावापाशी वारा थोडा गार झाला,
मुलं एकमेकांवर कलंडून झोपली.
लाडलेसाब बराच वेळ गप्प होता.
मग आरशात न बघता म्हणाला,
"बाई, अंडी किती हुती?"
"चार."
"चारी शाबूत?"
"शाबूत."
त्यानं मान हलवली,
आणि पुढचा खड्डा
फार जपून चुकवला.