सरळ म्हणजे कुठे

पुंता अरेनास. गॅरेजचे पत्रे पहाटेपासून वाजतायत.
रुपेर्तो बार्रिआंच्या पिकअपला
थोरल्या मॉडेलचा रॅक बसवलाय,
मोटर दुप्पट जोराची,
तेव्हापासून स्टिअरिंग कुणाचंच ऐकत नाही.
बोट लागलं की कुंपणाकडे धाव,
भेदरलेल्या मेंढीसारखी.

मी लॅपटॉप जोडते.
बॅटरी बारा पूर्णांक सहा. चाकं सरळ. हात काढा.
ते हात काढतात, पण मांडीवर ठेवत नाहीत,
हवेतच धरून बसतात.

जुन्या मोड्यूलमध्ये सापडतं
एक बारीकसं ऋण चिन्ह.
अकरा वर्षं मोरो चिकोच्या रस्त्यावर
पश्चिमेचा वारा ढकलत राहिला
आणि हिनं, कुणी न सांगता,
किंचित डावीकडे रेलायला शिकून घेतलं.

"पुसू?"
"म्हणजे," ते विचारतात, "हिला माहीत होतं?"

नवा रॅक, नवी मापं. पुसावंच लागतं.
टोकापर्यंत डावीकडे.
टोकापर्यंत उजवीकडे.
मध्य. थांबा.
पडद्यावर शून्य येतं,
कुठल्याच रस्त्यावर न गेलेलं.

पैशांत एक नोट जास्त निघते. परत घेत नाहीत.
वर, चहा कडू होता म्हणून सांगतात.

फाटकाबाहेर पहिल्याच झोतात
गाडी भाबडेपणानं सरळ निघते
आणि वीतभर वाहवते.
मागच्या काचेतून मला दिसतं,
त्यांचा डावा खांदा खाली झुकलाय,
केव्हाचाच, बहुधा झोत यायच्या आधीच.

तिथवर माझी केबल पोचत नाही.