हातचा

तपकीर गल्लीत वायरींची भेंडोळी ओलांडून
लोखंडी जिना चढलं की इनामदार बाईंचा क्लास.
रविवारी सकाळी, आठ बिटांचा जुना कंट्रोलर,
फी चारशे, सोल्डरचा धूर फुकट.

पहिल्याच दिवशी फळ्यावर:
दोनशे पंचावन्न अधिक एक.
मी म्हटलं, दोनशे छप्पन्न.
"जागा कुठाय? खण आठच. उत्तर शून्य."
आणि तो एक?
"दुसरीत हातचा कुठे लिहायचास?"
पाटीच्या कोपऱ्यात. बारीक.
"तो कोपरा म्हणजे कॅरी फ्लॅग.
पुढची बेरीज होईतो
त्यावरून बाही फिरू द्यायची नाही."

स्टॅक लगेच कळला. दोन वर्षं मेसमध्ये ताटं विसळलीत मी:
शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं.
इथे मात्र बोट सातव्या खणावर असतं
आणि पहिलं ताट आठव्यात जातं.
का, ते मी विचारलं नाही.

भोसरीत आमचं यंत्र उदबत्तीच्या पुड्या मोजायचं.
प्रोग्राम माझा, पहिलाच.
मजुरी पुडीवर. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी
नंदा अडागळेचा आकडा यंत्राच्या पुढे निघायचा.
दोनशे छप्पन्नने. नेमका.
शेठ म्हणाले, यंत्राला पोट नसतं, ते कशाला खोटं बोलेल.
मी मान हलवली.
तेव्हा हलवली, हे इथे लिहून ठेवतो.

मग एका दुपारी तिच्याकडे बघत बसलो.
शंभर झाले की ती डाव्या हाताचं एक बोट दुमडते.
कुणी टेप मागितली, उजव्या हाताने दिली.
पोराचा फोन आला, त्याला झापलं,
पाणी प्यायली, पदर खोचला,
आणि एवढ्या सगळ्यात
दुमडलेलं बोट दुमडलेलंच.

रात्री लिस्टिंग उघडलं.
खालच्या बाइटची बेरीज, मग वरच्याची, हातच्यासकट.
या दोन ओळींच्या फटीत
क्वचित कधीतरी टायमरचा इंटरप्ट घुसतो,
आपली वजाबाकी उरकतो, चालता होतो,
कोपरा पुसून.
ॲक्युम्युलेटर मी राखला होता. फ्लॅग नव्हते राखले.

दोन ओळींचं काम.
आत शिरताना पुश, निघताना पॉप,
ठेवलं त्याच्या उलट्या क्रमाने.
बाईंना फोन केला तर म्हणाल्या,
"बरं झालं. चिप नवी जाळ, जुनी जपून ठेव."

नंदाला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.
"दिवाळीपासूनचे किती होतात?"
ते मी कुठल्याच खणात ठेवले नव्हते.
तिने ठेवले होते:
पोराच्या गणिताच्या वहीत, शेवटच्या पानावर,
तारखेसकट, कोपऱ्यात, बारीक.

आत्ता शेठच्या केबिनबाहेर उभे आहोत,
ती वही धरून, मी लिस्टिंगचे कागद.
आत कुणाशी तरी बोलणं चाललंय.
तिचं एक बोट अजून दुमडलेलं आहे.