हलवून बघू नये

माघ सरता सरता लोणकरांचा फोन:
"डॉक्टर, कोंब फुगलेत का बघा.
फुगले असतील तर याच रविवारी कुंडी बदला."
मुंढव्याच्या नर्सरीत बसून या माणसाला
बिबवेवाडीतल्या माझ्या भाड्याच्या गच्चीवरचा
कोंब दिसतो.

फुगले होते.

पेपर पसरला. बोहरी आळीतल्या तीन चाळण्या,
विटांचा चुरा: गव्हाएवढा ठेवायचा,
हरभऱ्याएवढा तळाला,
पीठ टाकून द्यायचं.
आणि दवाखाना बंद करताना
विकायचा जीव झाला नाही ती हत्यारं,
प्रोब, स्केलर, वाकडा चिमटा,
छत्तीस वर्षं सदाशिव पेठेच्या तोंडात फिरलेली.
मुळांचंच काम हेही.
फक्त हा पेशंट
तोंडात हात असताना बोलायला बघत नाही.

कडेनं सुरी फिरवली, पिंपरण सुटून आली
डब्यातला खरवस यावा तशी, डब्याचाच आकार घेऊन.
मुळं कुंडीभर गोल गोल गेलेली.
बाहेर जायची वाट नसली की असंच होतं.
सारसबागेत सकाळी आम्ही दुसरं काय करतो?

विंचरत बसले. बुंध्यापासून बाहेर,
कधीच बाहेरून आत नाही.
सरळ खाली निघालेलं जाड मूळ
कापलं. हाताला अजून बरं वाटत नाही.
"जाड नुसती धरून बसतात," लोणकर म्हणतात,
"खातात ती बारीक. बारीक वाढवा."
तीन वर्षांपूर्वी बुंध्याखाली फरशीचा तुकडा सरकवला होता,
खालची वाट बंद, म्हणजे पसरेल.
पसरली आहे. पूर्वेला तीन, दक्षिणेला दोन,
कोंबडीच्या पायासारखी, माती घट्ट धरून.

उत्तरेला मात्र अजून तो सिमेंटचा गोळा.

शिवांजली सोसायटी, बी विंग, दुसरा मजला,
ड्रेनेजच्या पाइपामागे ही उगवली होती.
चेअरमन सोहोनी ॲसिडची बाटली घेऊनच आले.
म्हटलं, दोन दिवस द्या.
छिन्नीनं काढली, भिंतीसकट.
पुढच्या वर्षी उरलेली भिंतही गेली, पुनर्विकासात.
तिथे आता अकरा मजले आहेत.
ताबा दिवाळीला, म्हणतो बिल्डर.
कुठल्या, ते म्हणत नाही.

मागच्या वेळी लोणकर म्हणाले होते, "राहू दे गोळा, एवढ्यात नको."
या वेळी: "काढा. चुन्यानं पान पिवळं पडतं."
दीड तास स्केलर चालवला,
टार्टर काढावा तसा, कपची कपची.
आणि आतून निघाला
फिकट आकाशी ऑइलपेंट.

आमच्या मोरीचा.

म्हणजे ही भिंत ओलांडून आत आली होती.
तिथे जयवंत दाढी करता करता
रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायचा,
आणि टाइल्सच्या वर, रंगाच्या मागे,
कुणीतरी मुकाट ऐकत होतं.

शेवटची कपची नखाएवढी. मूळ तिच्या आरपार.
कपची काढायची तर मूळ जातं.
दात काढताना मुळाचं टोक तुटून आत राहतं कधी,
अगदी लहान असेल तर राहू देतात.
शरीर सांभाळून घेतं.
पेशंटना मी हे फार खोलात सांगत नसे.
लोणकरांनाही सांगितलं नाही.

वरून चुरा घातला, लोकरीच्या सुईनं
मुळांच्या फटीफटीत बसवला.
तारेनं बुंधा कुंडीशी बांधला.
खालून स्वच्छ निघेपर्यंत पाणी.
आता तीन आठवडे सावली, खत नाही.

"आणि हलवून बघू नका," फोनवर.
"धरलं की नाही ते पान सांगेल.
लोक हलवून बघतात, डॉक्टर, आणि तिथेच तुटतं."

रात्री गच्चीवर गेले.
मार्केट यार्डाकडे कांद्याचे ट्रक निघाले होते,
त्यांच्या धडधडीनं कुंडीतलं पाणी
बशीत किंचित थरथरत होतं.
बुंध्याला बोट लावलं.

लावलं फक्त.